उनाडक्यांचं वेळापत्रक

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलानं एक तक्ता टाकला. 'सात ते सव्वासात : सूर्योदय. सव्वासात ते आठ : पक्षीनिरीक्षण. आठ ते साडेआठ : नाश्ता. साडेआठ ते दहा : निसर्गातला खजिना. दहा ते साडेदहा : पानांचे आणि सालींचे ठसे.' असं करत करत रात्री साडेनऊपर्यंत. मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. दुपारच्या एका चौकटीत 'मोकळा वेळ, २० मिनिटं' असंही होतं आणि शेजारच्या रकान्यात लिहिलं होतं, 'आई – चिनूवर लक्ष'.

बेत भंडारदऱ्याचा होता. डिसेंबरात धरणाच्या पाण्याकाठी तंबूत दोन रात्री काढायच्या, मुलांना निसर्गाची गोडी लावायची. मुलं म्हणजे मुलाची दोन, साडेअकरा वर्षांचा मल्हार आणि आठ वर्षं सात महिन्यांची ओवी (ती महिने सोडत नाही), आणि लेकीचा चिनू, ज्याचा चौथा वाढदिवस नुकताच झाला होता. लेक-जावई आयत्या वेळी कामाचं निमित्त काढून घरी झोपले. चिनूला मात्र आठवणीनं पाठवलं.

"आई, तंबूत गादी असते," मुलगा मला म्हणाला. असते, खरंच असते. पण ती जमिनीवर असते. पासष्टाव्या वर्षी जमिनीवर जाणं हा एक प्रवास आणि तिथून उठणं हा दुसरा, आणि परतीचं तिकीट कधी मिळेल ते सांगता येत नाही.

शिवाय त्या तक्त्यावर मोठ्या अक्षरांत 'नेचर ॲक्टिव्हिटीज' लिहिलेलं पाहून मला जरा हसूच आलं. त्यातली एकूण एक गोष्ट आम्ही लहानपणी केलेली आहे. दगड गोळा केले, चिखलात हात घातले, किडे काडीनं डिवचले, झाडाखाली नुसत्या बसून राहिलो. त्याला आमच्या घरी उनाडक्या म्हणत आणि त्याबद्दल संध्याकाळी पाठीत धपाटा मिळे. आता त्याच उनाडक्यांचे माणशी पैसे भरायचे, वर जेवण वेगळं. जमाना सुधारला ह्याचा दुसरा पुरावा मला नको.

तरी माझाही त्या बेताला हातभार होता. तारखा मी काढून दिल्या. पंचांग बघून अमावास्येच्या अगदी लगतचा शनिवार-रविवार निवडला. "अवसेला कशाला बाहेर पडायचं?" असं सून म्हणाली. ती एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, पण अवसेपुढे हुद्दा चालत नाही. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा अमावास्या म्हणजे माझ्या दृष्टीनं फक्त चंद्र नसणं, आणि चंद्र नसणं म्हणजे तारे असणं. हे मी कुणाला सांगितलं नाही. तक्त्यात साडेनऊनंतर काहीच नव्हतं, ती जागा मी मनातल्या मनात माझ्या नावावर करून घेतली.

कसारा घाट, इगतपुरी, घोटी, बारी, शेंडी. वाटेत चिनूला दोनदा उलटी झाली, ओवीला शून्य वेळा झाली आणि ती तेवढं सगळ्यांना सांगत होती. बारीपाशी कळसूबाई दिसली. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, असं मुलानं गाडी थांबवून सांगितलं. मल्हारनं खिडकीतून बघून "हं" केलं. धरणापाशी पोचल्यावर पुन्हा माहिती. प्रवरेवरचं हे विल्सन धरण, काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं. चिनूनं विचार केला आणि विचारलं, "मग तोवर पाणी कुठे थांबलं होतं?" मुलगा अभियंता आहे. तो म्हणाला, "चला, उशीर होतोय."

तंबू बाळूभाऊंच्या खाचरात होते. भात कापून झालेलं, जमीन वाळलेली, मध्येच धसकटं पायाला टोचणारी. पलीकडे पाणी, पाण्यापलीकडे डोंगर. बाळूभाऊ पावसाळ्यात शेतकरी आणि एरवी तंबूवाले. मे-जूनमध्ये काजवे बघायला इतकी माणसं येतात की एका रात्री रस्ता गाड्यांनी भरून जातो, म्हणाले. माणसं काजवे बघायला येतात आणि येताना हेडलाइट घेऊन येतात. काजवा उजेडाची उघडझाप करून जोडीदाराला बोलावतो, त्याच्या त्या बोलण्यावर आपण भोंगा लावल्यासारखा प्रकाश टाकायचा, मग "काही खास दिसले नाहीत" म्हणत परत जायचं. डिसेंबरात ती भानगड नाही. डिसेंबरात फक्त थंडी.

सकाळी सात वाजता सूर्योदय वेळेवर झाला. ह्या दोन दिवसांत तक्त्याप्रमाणे झालेली ती एकमेव गोष्ट.

पक्षीनिरीक्षणाला मुलानं दुर्बीण आणली होती. मुलांनी ती उलटी धरून एकमेकांना लांब करून पाहिलं. पण पाण्याच्या कडेला एक धोबी शेपटी वरखाली करत पळत होता, त्यानं मात्र तिघांनाही धरून ठेवलं. हा पाहुणा आहे, थंडीपुरता उत्तरेकडून येतो, हिमालयाकडून, त्याच्याही पलीकडून, असं मी सांगितलं. मल्हारनं हातातला फोन बघितला. सकाळपासून त्यावर एकही कांडी नव्हती. "रेंज नसताना ह्याला रस्ता सापडतो?" माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत स्थलांतराबद्दल इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

मग सातभाई आले. मातकट रंगाचे, आठ-नऊ जणांचं टोळकं, सगळे एकाच वेळी बोलणारे, कुणी कुणाचं न ऐकणारे, पण एक उडाला की बाकीचे मागोमाग. त्यांच्यात खाण्यावरून काही वाद चालला होता. सून त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आई, तुमच्या माहेरचे."

खजिन्याच्या खेळाची यादी अशी होती : एक मऊ वस्तू, एक खरखरीत, एक वासाची, दहा गोल. ज्याचं आधी पुरं होईल त्याला चॉकलेट. मल्हारनं पाच मिनिटांत सगळं आणलं आणि चॉकलेट खाऊन तो मोकळा झाला. ह्या खेळाचा दोषच तो आहे. हुशार मूल यादी संपवतं आणि आजूबाजूला बघणं थांबवतं. ओवी 'खरखरीत'वरच अडली, कारण तिला प्रत्येक झाडाची साल वेगळी खरखरीत लागत होती. आणि चिनू सगळ्यात उशिरा आला, मूठ गच्च मिटलेली, चेहऱ्यावर विजय. "दहा गोल," म्हणून त्यानं मूठ उघडली. शेळीच्या लेंड्या. मोजून दहा, सुकलेल्या, एकसारख्या, यादीत मागितल्याहूनही जास्त गोल. सॅनिटायझरची अख्खी बाटली त्या दिवशी सकाळी पावणेदहाला संपली. पण नियमात कुठेच काही चुकलं नव्हतं. चॉकलेट त्याला द्यावं लागलं.

ठशांचा कार्यक्रम मला मनापासून आवडला, हे कबूल करायला हवं. ह्या डोंगरांतलं जंगल कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं, १९८६ पासून. तिथलं पानही उचलून घरी न्यायचं नाही. म्हणून मुलानं रंगीत खडू आणि पातळ कागद आणले होते. पान कागदाखाली ठेवायचं, खडू आडवा धरून वरून हलक्या हातानं घासायचा. आधी काहीच दिसत नाही, मग मधली शीर उमटते, तिच्या फांद्या, फांद्यांच्या फांद्या. ओवीनं जांभळाचं पान असं काढलं आणि पाहिलं, की सगळ्या शिरा कडेपर्यंत जाऊन थांबत नाहीत, तर कडेच्या अलीकडे एकमेकींना मिळून पानाला आतून शिवण घालतात. मी तीस वर्षं फळ्यावर पान काढत आले. ती शिवण मी कधी काढली नव्हती.

तर साडेदहापर्यंत असं. त्यानंतर तक्ता कोलमडला आणि तो कोलमडवला सोनीनं.

सोनी म्हणजे बाळूभाऊंची मुलगी, वय नऊ. ती शेळ्या सोडायला निघाली होती आणि आमची तिघं रांगेनं तिच्यामागे. गोठ्याच्या वळचणीखाली, जिथे पावसाचं पाणी पोचत नाही, तिथे पिठासारखी मऊ माती होती आणि मातीत खळगे. रुपयाएवढे, काही त्याहून लहान, उलट्या शंकूसारखे, कंपासनं आखावेत इतके गोल. सोनी उकिडवी बसली, एक मुंगी चिमटीत धरून खळग्याच्या काठावर सोडली. मुंगी घसरली. सावरून वर चढायला लागली, तशी तळातून मातीची एक चिमूट उडाली आणि तिच्या पायाखालचा उतार ढासळला. पुन्हा चढली, पुन्हा चिमूट. तिसऱ्यांदा तळाशी दोन बारीक आकडे दिसले, मिटले, आणि मुंगी मातीत गेली. खळगा पुन्हा जसाच्या तसा.

चौघांच्या तोंडून आवाज नाही. मुलगा हातात तक्ता घेऊन मागे उभा होता. "मुलांनो, पुढची ॲक्टिव्हिटी..." असं म्हणता म्हणता तोही खाली बसला.

सोनीनं फुंकर मारून माती उडवली आणि तो किडा तळहातावर घेतला. राखाडी, केसाळ, पोट फुगलेलं, डोक्यावर ते दोन आकडे. चालायला लागला तो मागे मागे. "ह्याला फक्त रिव्हर्स गिअर आहे," मल्हार म्हणाला. ओवीनं विचारलं, ह्याचं नाव काय? सोनीनं तिच्याकडे असं बघितलं, की मला माझ्या नोकरीची सगळी वर्षं आठवली.

"नाव कशाला? त्याला काय हाक मारायचीय व्हय?"

मी मात्र राहवेना म्हणून सांगितलं. पुस्तकात ह्याला मुंगीसिंह म्हणतात. ही अळी आहे. मोठी झाली की मातीतच कोष करते आणि त्यातून पंखांचा, चतुरासारखा दिसणारा किडा निघतो. इथवर ठीक होतं. पुढचं सांगायला नको होतं. मी सांगितलं, की अळीपणी हा शी करतच नाही. ती सोयच नसते त्याला. जे काही आहे ते महिनोन्‌महिने पोटात साठवतो आणि पंख फुटल्यावर एकदाच काय ते करतो. हे अगदी खरं आहे. पण तंबूवाल्या संडासाकडे सकाळपासून जायला नकार देणाऱ्या चार वर्षांच्या मुलासमोर ते बोलायचं नव्हतं. रविवारी दुपारपर्यंत चिनू प्रत्येक विनवणीला एकच उत्तर देत होता, "मी मुंगीसिंह आहे."

वळचणीखाली दीड तास गेला. सोनी मधूनच उठून जायची. शेळ्यांना पाणी दाखवायचं, सरपण आणायचं, धाकट्या भावाला घ्यायचं. आमच्या पोरांनी तिच्याबरोबर सरपण वेचलं आणि संध्याकाळी आईला मोठ्या आनंदानं सांगितलं. सोनीनं कुणाला काही सांगितलं नाही. आमच्या लहानपणी ज्याला उनाडक्या म्हणत आणि आता ज्याला ॲक्टिव्हिटी म्हणतात, त्याला तिच्या घरी कामं म्हणतात.

दुपारी 'आवाजांचा नकाशा' झाला. कागदाच्या मधोमध फुली, ती म्हणजे आपण. दहा मिनिटं गप्प बसायचं आणि जो आवाज ज्या बाजूनं येईल तो त्या बाजूला मांडायचा. ओवीच्या कागदावर उजवीकडे टिटवी, पाठीमागे कोंबडा, समोर पाणी आणि अगदी जवळ, डावीकडे, 'बाबांचं पोट'. मल्हारच्या कागदावर लांबच्या ट्रॅक्टरवरचं गाणं, गाण्याच्या नावासकट. चिनूनं सगळा कागद गिरगटून काळा केला होता. हे काय रे? "मी गप्प बसलोय त्याचा आवाज."

रात्री तीन दगडांची चूल, पिठलं, नागलीची भाकरी, ठेचा, राखेत भाजलेले बटाटे. घरी पिठल्याकडे ढुंकून न बघणारी नातवंडं बोटं चाटत होती. त्याबद्दल मी सुनेकडे बघितलं नाही. पासष्ट वर्षांत तेवढं शिकले आहे.

जेवणानंतर मी टॉर्च घेतला. डोळ्याच्या शेजारी, कानशिलाला टेकवून धरायचा आणि उजेड जाईल तिथेच बघायचं, असं मुलांना दाखवलं. खाचराच्या बांधावरच्या गवतात हिरवट-निळे ठिपके लुकलुकायला लागले. एक, दोन, वीस, मोजता येईनात. "दव!" ओवी म्हणाली. पण एक ठिपका चालला. जवळ जाऊन बघितलं, तर कोळी. जाळं न विणता जमिनीवर धावून शिकार करणारे हे कोळी, त्यांच्या डोळ्यांच्या आत मांजरासारखाच उजेड परतवणारा पडदा असतो. म्हणजे अख्ख्या बांधावरून कोळी आमच्याकडे बघत होते. मुलं हरखली. सुनेनं शांतपणे विचारलं, "गाडीची किल्ली कुणाकडे आहे?" आणि ती रात्र तिनं मागच्या सीटवर काढली.

मग मी टॉर्च बंद करायला लावला. काळोखाला डोळे सरावायला वीस मिनिटं, अर्धा तास लागतो, आणि एकदा फोन बघितला की पहिल्यापासून सुरुवात. रेंज नसण्याचा असाही उपयोग. बाळूभाऊंची आई शेकोटीशी बसली होती. तिनं वर बघून सहज म्हटलं, "तिकांडं वर आलं." मृगातल्या त्या तीन ताऱ्यांना इकडे तिकांडं म्हणतात. मी वर्गात त्यालाच मृगाच्या पोटात घुसलेला बाण म्हणायची. त्या तिघांच्या रेषेत खाली गेलं की बाण मारणारा व्याध, रात्रीच्या आभाळातला सगळ्यात तेजस्वी तारा. नऊच्या सुमारास तो डोंगरावर आला, थंडीत कुडकुडल्यासारखा लकाकत.

"ओवी," मी म्हटलं, "व्याधाचा उजेड आपल्यापर्यंत यायला आठ वर्षं सात महिने लागतात."

ती एकदम उठून बसली. "म्हणजे मी जन्मले तेव्हा निघाला?"

"तेव्हाच. आत्ता पोचला."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मल्हारला हवा होता. त्याच्यासाठी व्याधाच्या डावीकडे प्रश्वा. साडेअकरा प्रकाशवर्षं. मुलगा म्हणाला, "मला?" त्रेचाळीस वर्षांचा अभियंता, कानटोपी घातलेला. त्याला ब्रह्महृदय दाखवला, उत्तरेकडे उंच, पिवळसर. त्रेचाळीस. गाडीतून सुनेचा आवाज आला, "माझा नको, वय कळेल." आणि मी रोहिणीकडे बघितलं. लालसर, मृगाच्या वरच्या अंगाला. पासष्ट. ही गंमत मी घरी कागदावर मांडून आले होते. तक्ता एकट्या मुलालाच करता येतो असं नाही.

राहिला चिनू. पांघरुणातून नुसतं नाक बाहेर. "माझा कुठला?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. चिनूच्या वयाचा तारा एकच आहे, सूर्य सोडला तर नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्यांत आपल्या सगळ्यात जवळचा शेजारी. त्याचं नाव मित्र. अंतर सुमारे ४.४ प्रकाशवर्षं. पण डिसेंबरात संध्याकाळी तो दिसत नाही. "तुझा मे महिन्यात येतो," मी म्हटलं. त्याला वाटलं, आपल्याला फसवतात. "सगळ्यांचा आहे, माझा नाही," म्हणून तो रडला. आणि रडता रडता झोपला. पहाटे थंडीनं जाग आली तेव्हा उत्तरेला सप्तर्षी चांगले वर आले होते, बाळूभाऊंची आई उठून चूल पेटवत होती, आणि मी तंबूच्या दारात बसून तीच एक रुखरुख करत होते.

घरी आल्यावर मुलानं ग्रुपवर फोटो टाकले आणि खाली 'सर्व ॲक्टिव्हिटीज यशस्वी' असं लिहिलं. चिनू मुंगीसिंहपणातून कसारा घाट उतरताना बाहेर आला, त्याचा तपशील देत नाही.

मी मात्र हिशेब करून बसले आहे. मे महिन्यात चिनू चार वर्षं पाच महिन्यांचा होईल, म्हणजे बरोबर त्याच्या ताऱ्याएवढा. मेच्या मध्यावर रात्री साडेअकरा-बाराच्या सुमारास मित्र ठीक दक्षिणेला असतो, पण आपल्याकडून तो क्षितिजाच्या जेमतेम दहा अंश वर येतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढा. भंडारदऱ्याला दक्षिणेकडे डोंगर आहेत, आमच्या डोंबिवलीच्या गच्चीवरून दक्षिणेकडे नवा टॉवर आहे. तेव्हा दक्षिणेला आडवं काही नसलेली, दिव्यांचा झगमगाट नसलेली एखादी जागा, समुद्रकाठ असेल तर उत्तम, कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा. गादी जमिनीवर असली तरी चालेल.